बागडे मॅडमनी लिहिलेला निबंध

आमच्या स्टाफरूममध्ये मधल्या सुट्टीत चहा आला की निर्मला बागडे मॅडम आपला कप उचलून बाहेर जायच्या. मी पांढुर्ण्याच्या त्या शाळेत गणित शिकवायला नवाच लागलो होतो. मला वाटलं, यांचं बाकीच्यांशी पटत नसेल. चार दिवसांनी खिडकीतून पाहिलं तर मॅडम हातपंपाजवळ उकिडव्या बसलेल्या, कप जमिनीवर, आणि तिसरीतल्या दोन पोरी त्यांना चिंचोक्यांच्या कुठल्याशा खेळाचे नियम समजावून सांगत होत्या. मॅडम प्रत्येक नियम एकदा म्हणून दाखवत होत्या, बरोबर आहे ना अशा नजरेनं. घंटा झाली, पोरी पळाल्या. मॅडम एक हात गुडघ्यावर आणि दुसरा पंपाच्या दांड्यावर टेकवून उठल्या. चहावर साय धरली होती. ती त्यांनी बोटानं बाजूला केली आणि चहा तसाच पिऊन टाकला.

"गुडघे दुखतात तर खुर्ची नेत जा ना मॅडम," मी म्हणालो.

"खुर्चीवरून त्याईचं डोकं दिसते, राऊतभाऊ," त्या म्हणाल्या. "तोंड नाई दिसत."

मॅडम मराठी शिकवायच्या. उंच, सडपातळ, नेहमी सुती साडी आणि मनगटावर नवऱ्याचं जुनं मोठं घड्याळ. आवाज असा की तीन वर्ग पलीकडे ऐकू जावा, पण एकेकट्या पोराशी बोलताना तो अगदी खाली यायचा. अक्षर मोत्यासारखं नव्हतं, उलट फार गिचमिड होतं, आणि फळ्यावर लिहून झालं की त्या स्वतःच वाचायला अडखळायच्या. मग वर्ग त्यांना वाचून दाखवायचा. हे त्या मुद्दाम करतात असं कुणी म्हणायचं. मी विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "नाई हो, माहं अक्षर खरंच खराब आहे."

शाळेत एक रीत होती. पोरांजवळ खेळण्याची वस्तू सापडली की शिक्षक ती जप्त करायचे, आणि ती परत मिळायची नाही. मॅडमनी ही सगळी जप्ती स्वतःकडे मागून घेतली. त्यांच्या टेबलाच्या खणात बिस्किटाचा एक मोठा पत्र्याचा डबा होता. त्यात गोट्या, पत्ते, गरगर फिरणाऱ्या चकत्या, मणी, पेनाच्या रिफिलीची पिचकारी, सगळं नावाच्या चिठ्ठ्यांसकट. शनिवारी शाळा सुटताना त्या डबा उघडून बसायच्या. वस्तू परत मिळायची, फक्त एक अट होती: ती कशी खेळायची हे मॅडमना नीट समजावून सांगायचं. पोरं शनिवारची वाट पाहायची. पुढे पुढे तर एक-दोघं मुद्दाम वस्तू पकडवून घेतात असा आम्हाला संशय यायला लागला.

एका शनिवारी सहावीतल्या एका पोरानं त्यांना चिकट, हिरव्या रंगाचा एक लगदा कसा ताणायचा ते शिकवलं. मॅडमनी इतका ताणला की तो तुटून हजेरीपटावर पडला आणि दोन पानं कायमची एकमेकांना चिकटली. सोमवारी बडे सर, म्हणजे आमचे हेडमास्तर ढोबळे सर, ती पानं उलटायचा प्रयत्न करत होते. मॅडम समोर हात बांधून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "सर, माह्याजवळून झालं. पण तो लगदा घरी बनवता येते, कृती पाह्यजे असंन तं सांगते."

निबंधाचं प्रकरण सुरू झालं ते त्या निवृत्त व्हायला दोन वर्षं असताना. सौंसरला मराठी शिकवणाऱ्या शिक्षकांचा एक मेळावा व्हायचा होता. त्यात वाचण्यासाठी मॅडमनी लेख लिहावा असं पत्र आलं. विषय होता 'आजची बालसंस्कृती : एक चिकित्सा'. मॅडम खूश झाल्या. इतकी वर्षं त्या पोरांचे निबंध तपासत होत्या, त्यांना निबंध लिहायला कुणी सांगितलं नव्हतं. टाइप करायचं काम माझ्याकडे आलं, कारण त्यांचं अक्षर वाचायची सवय मला झाली होती.

पहिला खर्डा त्यांनी आठवड्यात आणून दिला. बारा पानं. मी टाइप करत गेलो. मोबाइलनं बालपण गिळलं, खेळ संपले, गाणी संपली, पोरांना मातीचा वास माहीत नाही. वाक्यं घोटीव होती. मला लेख आवडला, आणि मी तसं सांगितलंही.

"तुमाले आवडला म्हंजे मोठ्याईले आवडंन," त्या म्हणाल्या. "आता पाचवीले वाचून दाखवते."

तो तास मी दाराशी उभा राहून ऐकला. मॅडम वाचत होत्या, वर्ग शांत होता. दुसऱ्या बाकावर आचल नावाची एक बारकी पोरगी बसायची. तिचे वडील संत्र्याच्या बागांमध्ये तोडणीला जायचे. तिनं हात वर केला.

"मॅडम, हे कोणाबद्दल हाय?"

"तुमच्याबद्दल."

आचलनं थोडा विचार केला. "पण तुमी आमाले तं काई इचारलंच नाई."

मॅडम हसल्या, "बरं, पुढं ऐक," म्हणाल्या आणि पुढचं पान वाचायला लागल्या. त्यात एक वाक्य होतं, 'आमच्या काळी सगळी मुलं मिळून-मिसळून खेळत असत.' आचलचा हात पुन्हा वर.

"सगळे म्हंजे कोण कोण, मॅडम? पोरी बी?"

 पुस्तक मिटावं तसे मॅडमनी ते कागद मिटले. म्हणाल्या, "आज येवढंच." उरलेला तास पोरांनी शुद्धलेखन लिहिलं.

दुपारी त्या माझ्याजवळ येऊन बसल्या. त्यांचं लहानपण बोरगावला गेलं होतं. आईवडील दुसऱ्याच्या शेतात कापूस वेचायला जायचे. "राऊतभाऊ, आमच्या बौद्ध मोहल्ल्यातल्या पोरी खेळाच्या बाजूले उभ्या राहत," त्या म्हणाल्या. "चेंडू आमच्याकडं आला का पायानं ढकलून द्याचा, हातात नाई घ्याचा. मी तिथंच उभी होती. आणि लिवून राहिली का सगळे मिळून-मिसळून. पन्नास वर्षांनी मले त्या पोट्टीनं इचारलं तवा आठवलं."

त्यांच्या आवाजात रडणं नव्हतं. आश्चर्य होतं. स्वतःच्याच हातून इतकं मोठं खोटं इतक्या सहज कसं लिहिलं गेलं, याचं.

"मग आता?" मी विचारलं.

"आता पाठकोऱ्या बारा पानाईवर नवीन लिवाचं. कागद चांगला आहे."

त्यानंतरचे सहा महिने मॅडम पोरांना विचारत फिरल्या. त्यांची वही मी पाहिलीय, तिला रबर लावावं लागायचं इतकी ती फुगली होती. पहिली नोंद आमच्याच शाळेतली होती. चौथीच्या पोरी 'रील-रील' खेळायच्या. साबणाच्या खोक्याचा मोबाइल, त्याला काळ्या स्केचपेननं काढलेला कॅमेरा. एक नाचायची, एक खोका धरायची आणि बाकीच्या संत्र्याच्या सालीचे तुकडे तिच्यापुढं टाकायच्या. ते 'लाइक'. मॅडमनी विचारलं, ज्या पोरीला कमी साली पडतात तिला वाईट नाही वाटत का? पोरी म्हणाल्या, "नाई मॅडम, कमी पडल्या का तिची फिरून बारी येते. जास्त पडल्या का ती बसते."

मॅडम ही नोंद मला वाचून दाखवताना तीनदा थांबल्या. "पाहा तुमी. खऱ्या मोबाइलमंधी असा नियम आहे का? ह्या पोट्ट्याईनं तो दुरुस्त केला."

आणखी एक खेळ त्यांना वर्गातच सापडला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे जाम नदीवर गोटमार असते. नदीच्या मधोमध झाड उभं करायचं, त्यावर झेंडा, आणि तो मिळवायला एकीकडे पांढुर्णा, एकीकडे सावरगाव, आणि दोन्हीकडून दगडांचा मारा. पोरांनी वर्गात त्याची कागदी गोटमार केली होती. झाडाच्या जागी झाडू, दगडांच्या जागी रद्दीचे गोळे. ज्याला गोळा लागेल त्यानं मटकन खाली बसायचं, आणि समोरच्या बाजूच्यानं येऊन त्याला आपल्या बाटलीतलं पाणी पाजायचं. पाणी प्यायलं की तो पुन्हा जिवंत. मॅडमनी विचारलं, हा नियम कुणी केला? कुणालाच माहीत नव्हतं. "असाच खेळतेत," पोरं म्हणाली.

खऱ्या गोटमारीच्या दिवशी मात्र मॅडम पांढुर्ण्यात थांबत नसत. त्या सौंसरला बहिणीकडे जायच्या, कारण त्याच दिवशी तान्हा पोळा असतो. लहान पोरं लाकडी नंदी सजवून रांगेत उभी राहतात. त्या वर्षी मलाही त्यांनी सोबत नेलं. नंदीसजावटीची स्पर्धा होती. एक नंदी तर पोराच्या छातीइतका उंच, अंगावर मखमलीची झूल, गळ्यात चमकणारे दिवे. तो ओढत होते त्या पोराचे वडील. आई पुढून फोनवर चित्रीकरण करत होती आणि पोराला सांगत होती, "दोरी धर, दोरी धर. इकडं पाह. हास." पोरानं दोरीचं टोक धरलं होतं आणि ते दुसरीकडेच पाहत होतं.

ते पाहत होतं रांगेच्या शेवटाला. तिथं दोन भावंडांनी रिमोटवर चालणाऱ्या खेळण्यातल्या गाडीवर पुठ्ठ्याची शिंगं चिकटवून नंदी केला होता. तो घुर्र करत जायचा, खड्ड्यात अडकला की भाऊ कळ दाबायचा आणि बहीण ओरडायची, "हळू, त्याचे पाय दुखतीन." मखमलीच्या नंदीवाला पोरगा दोरी टाकून तिकडे गेला. आईनं हाक मारली, वडिलांनी हाक मारली. तो गेला तो गेलाच.

बक्षीस अर्थातच मखमलीच्या नंदीला मिळालं. घ्यायला वडील गेले.

मॅडम रस्त्याच्या कडेला वही गुडघ्यावर ठेवून लिहीत होत्या. परत निघताना त्या म्हणाल्या, "राऊतभाऊ, आपण म्हणतो पोट्टे खेळत नाईत. आपण त्याईचा खेळ घेऊन खेळून राहिलो, हे कोणी म्हणतच नाई."

हाच मग त्यांच्या लेखाचा कणा झाला. नव्या खर्ड्यात मोबाइल होता, कार्टून होतं, शिकवण्यांनी भरलेल्या संध्याकाळी होत्या, आणि त्यांनी कशालाच माफ केलं नव्हतं. पण आरोपी बदलले होते. अठराव्या पानावर आमच्या शाळेचं दोन वर्षांपूर्वीचं गॅदरिंग होतं. दुसरीच्या पोरी मोठ्यांच्या सिनेमातल्या गाण्यावर नाचल्या होत्या, गालांना लाली लावून, टाळ्या घेत. ते पान वाचताना मी जरा घाबरलो. शाळेचं नाव नव्हतं, पण सौंसरपासून पांढुर्ण्यापर्यंत सगळ्यांना कळलं असतं.

बातमी बडे सरांपर्यंत पोचली. ढोबळे सर वाईट माणूस नव्हते. मॅडमचे यजमान गेले तेव्हा महिनाभर त्यांचे तास सरांनी स्वतः घेतले होते. त्यांनी मॅडमना बोलावलं, मलाही बसवलं.

"मॅडम, बाकीचं सगळं वाचा. फक्त ते एक पान काढून टाका," सर म्हणाले. "आपल्या शाळेले लोक हसतीन. मले तिथं दुसऱ्या ओळीत बसाचं आहे."

"मी विचार करते, सर."

"मी तुमाले हुकूम नाई देऊन राहिलो. विनंती करून राहिलो."

मॅडम बाहेर आल्या तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता. हुकूम असता तर त्या भांडल्या असत्या. विनंतीचं काय करायचं ते त्यांना कळेना.  दोन दिवस त्या मधल्या सुट्टीत बाहेर गेल्या नाहीत. मेळाव्याच्या आदल्या दुपारी त्या माझ्याकडे आल्या. "अठरावं पान उघडा." मला वाटलं, पुसायला सांगतात.

त्यांनी पुसायला सांगितलं नाही. चार ओळी वाढवायला सांगितल्या. त्या हळूहळू बोलत गेल्या आणि मी टाइप करत गेलो. मग मला कळलं की ते गाणं बसवण्याचं काम त्या वर्षी मॅडमकडेच होतं.

मेळाव्याला सौंसरच्या हॉलमध्ये साठ-सत्तर शिक्षक होते. आधीच्या दोन वक्त्यांनी आजकालच्या पोरांना यथेच्छ झोडपलं आणि टाळ्या घेतल्या. मग मॅडम उठल्या. रील-रीलच्या नियमाला लोक हसले.  तान्ह्या पोळ्याला काही जणांनी माना खाली घातल्या. अठरावं पान आलं तेव्हा मी दुसऱ्या ओळीत बसलेल्या बडे सरांकडे पाहिलं. ते छताकडे पाहत होते.

मॅडमनी पान वाचलं आणि शेवटच्या चार ओळींपाशी कागद खाली घेतला. त्या ओळी त्यांनी न पाहता सांगितल्या.

"ते गाणं मी निवडलं होतं. तालमीच्या वेळी एका मुलीनं मला विचारलं, मॅडम, या ओळीचा अर्थ काय? तीस वर्षं मी मुलांना अर्थच सांगत आले आहे. त्या दिवशी मी तिला म्हणाले, तू नाच, अर्थ नंतर. तो अर्थ मी तिला अजून सांगितलेला नाही. सांगण्यासारखा नव्हता."

 मागच्या बाजूला एका बाईंनी पदरानं नाक पुसल्याचं मला आठवतं. मग टाळ्या आल्या, त्या बराच वेळ चालल्या.

परतीच्या बसमध्ये आम्ही तिघं एकाच बाकावर होतो. तासाभराचा रस्ता. निम्मा रस्ता मागे पडला.

"अर्थ विचारणारी ती पोरगी कोण?" सरांनी विचारलं.

"नाव नाई सांगत, सर. आता चौथीत आहे."

"गाण्याच्या यादीवर सही माही होती," सर म्हणाले. "तुमी ते नाई वाचलं."

"तुमची सही तुमी वाचा. माह्या निबंधात मी माहीच लिवली."

सरांना हसू आलं. ते त्यांनी खिडकीकडे तोंड करून दाबायचा प्रयत्न केला, पण पोट हलत होतं. "बरं मंग," ते म्हणाले, "यंदाचं गॅदरिंग तुमीच पाहा."

"मी नाई पाहणार. पोट्टे पाहतीन."

"म्हंजे? त्याईनं काई उलटंसुलटं केलं तं?"

"करतीनच," मॅडम म्हणाल्या.

आणि पोरांनी केलं. त्या वर्षीच्या गॅदरिंगला एकाही शिक्षकानं काही बसवलं नाही. आमचं काम फक्त पडदा ओढणं आणि सतरंज्या घालणं. पहिल्या दोन कार्यक्रमांत संवाद विसरले गेले, एकदा अख्खी झोपडी प्रेक्षकांवर पडली. बडे सर घाम पुसत होते. मग पाचवी-सहावीच्या पोरांनी 'पप्पाचा लिलाव' सुरू केला.

पांढुर्ण्याच्या पोरांनी संत्र्याचा लिलाव लहानपणापासून पाहिलेला असतो. स्टेजवर चार पोरं काजळाच्या मिशा रंगवून पप्पा झाली होती आणि संत्र्यांच्या क्रेटवर बसली होती. आचल दलाल होती, खांद्यावर गमछा टाकून. बोली पैशात नव्हती, संध्याकाळींमध्ये होती.

"हा पप्पा पाहा," आचल ओरडत होती. "वजनदार माल. घरी आला का फोन पाहते, फोन ठेवला का टीव्ही पाहते. बोला, किती संध्याकाळी?"

"अर्धी," खालून एक पोरगा म्हणाला.

"अर्धी एक, अर्धी दोन. बाजूले ठेवा. हा दुसरा पप्पा. थकून येते, पण गोष्ट सांगते. गोष्टीत झोपून जाते, मंग आपल्याले शेवट बनवा लागते."

"चार संध्याकाळी."

"सात."

"माह्या सगळ्या संध्याकाळी," पहिल्या रांगेतला एक चिमुरडा उठून म्हणाला. तो नाटकात नव्हताच.

मांडव हसून हसून आडवा झाला. मागे उभे असलेले बापलोक आधी सगळ्यात मोठ्यानं हसले, मग एकमेकांकडे पाहायला लागले. एकानं हातातला फोन खिशात घातला, ते मी पडद्याच्या फटीतून पाहिलं. त्यानंतर पोटाला उशी बांधलेला एक पोरगा बडे सर होऊन आला आणि दर दोन शब्दांनी "शांतता, शांतता" म्हणायला लागला, तेव्हा खऱ्या सरांनी रुमाल तोंडावर धरला. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत ते हसले. मॅडम कुठे आहेत म्हणून मी शोधलं. त्या मांडवात नव्हत्या. स्टेजच्या मागं पोरांच्या मिशा पुसायला ओलं फडकं घेऊन उभ्या होत्या. त्यांनी नाटकातला एक शब्दही पाहिला नव्हता, फक्त ऐकला होता.

निबंध पुढे मेळाव्याच्या स्मरणिकेत छापून आला. वर मॅडमचं नाव, आणि खाली त्यांनी आग्रहानं एक ओळ घालून घेतली होती: 'प्रश्न पाचवीच्या वर्गाचे.' आचलच्या घरी ती स्मरणिका टीव्हीच्या वरच्या फळीवर प्लास्टिकच्या पिशवीत ठेवलेली आहे. तिच्या वडिलांनी मला ती काढून दाखवली. वाचता येत नाही म्हणाले, पण पाचवीचं म्हणजे कुठं ते बोट ठेवून त्यांनी बरोबर दाखवलं.

मॅडम निवृत्त झाल्या आणि सौंसरला बहिणीच्या शेजारी राहायला गेल्या. फोन केला की पहिली पाच मिनिटं त्या मलाच विचारायच्या, पोट्टे सध्या काय खेळून राहिले? मी गणिताचा माणूस, मला सांगता यायचं नाही. मग मी मधल्या सुट्टीत बाहेर जायला लागलो, निदान फोनवर सांगायला काही असावं म्हणून.

गेल्या हिवाळ्यात मी नागपूरला जात होतो. बस सौंसरला थांबली, चालक खाली उतरला. माझ्या खिडकीसमोर एक गल्ली होती. सिमेंटच्या रस्त्यावर खडूनं चौकोन आखले होते, आणि पोरी एका पायावर उड्या मारत जात होत्या. रस्त्याच्या कडेला चपलांची रांग. बारक्या रंगीत चपला, आणि त्यांच्यात एक मोठा जोड, काळा. पोरींच्या रांगेत बागडे मॅडम उभ्या होत्या. पदर कमरेला खोचलेला, घड्याळ काढून हातात धरलेलं, नजर खाली चौकोनांवर. ओठ हलत होते. बहुधा नियम पाठ करत होत्या.

हाक मारावी म्हणून मी खिडकीची काच सरकवली. मग मारली नाही. चालक परत आला, बस हलली. तेव्हा त्यांच्यापुढं अजून तीन पोरी होत्या.